छताला चिकटवलेला अभ्यास

आभाळरावांना एक खरं नाव होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर छापून यायचं. एरवी कामावर, गल्लीत, सासुरवाडीला, सगळीकडे ते आभाळरावच होते. उभा जन्म त्यांनी छतं रंगवण्यात घालवला होता. भिंती रंगवणारे पैशाला पासरी मिळतात. भिंत काय, समोर उभी असते, तिच्याशी गप्पा मारत रंगवता येते. छताचं तसं नाही. घोडीवर, म्हणजे रंगाऱ्याच्या दुहेरी शिडीवर चढायचं, डोकं मागे टाकायचं, डोळ्यांत रंगाचे थेंब झेलायचे आणि दिवस काढायचा. असे दिवस काढून काढून आभाळरावांची मान वरच राहिली होती. ते रस्त्यानं चालायला लागले की वर काहीतरी चाललंय अशा समजुतीनं मागून येणारी माणसंही वर बघायची आणि एकमेकांवर आदळायची.

त्यांची बायको याच्या बरोबर उलट. ती बी.ए. झालेली होती, म्हणून अख्खी गल्ली तिला बीएवहिनी म्हणायची. एका मोठ्या कचेरीत पडद्यासमोर बसून दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे तिचं काम. पाठ वाकलेली, नाक पडद्याला टेकलेलं, हनुवटी छातीला. संध्याकाळी घरी आल्यावरही वहिनींची मान वर यायची नाही. त्यामुळे जेवायला बसल्यावर आभाळराव दिव्याकडे बघून जेवायचे आणि वहिनी ताटाकडे. तीस वर्षांचा संसार, पण अलीकडे नवराबायकोची धड नजरानजर होत नव्हती. भांडण म्हणावं तर तसं काहीच नव्हतं. दोघांच्या माना एका पातळीवर येत नव्हत्या, इतकंच.

घरातलं वाचनाचं खातं वहिनींकडे होतं. बिलं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, वर्तमानपत्र, नातेवाइकांचे निरोप, सगळं त्याच मोठ्यानं वाचायच्या आणि आभाळराव ऐकायचे. आभाळरावांना वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. नववीपर्यंत शिकले होते ते. रंगाच्या डब्यावरच्या सूचना ओठ हलवत हलवत नीट वाचायचे. पण लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा ते बायकोला ऐटीत वर्तमानपत्र वाचून दाखवायला बसले, एका लांबलचक शब्दावर अडखळले, तिसऱ्या प्रयत्नात त्या शब्दाचा पार चेंदामेंदा केला, आणि बायकोला हसू फुटलं. ते हसणं काही कुजकं नव्हतं, तेव्हा तिचं वय ते काय होतं! पण आभाळरावांनी पेपरची घडी घालून तिच्या हातात दिली आणि त्यानंतर तिच्यासमोर एक ओळ कधी मोठ्यानं वाचली नाही. "माझे डोळे दुखतात, तूच वाच," असं म्हणायचे. तीस वर्षं त्यांचे डोळे दुखत होते.

आणि मग एक दिवस दुखायला हवं ते दुखलं. घोडीवर उभे असताना त्यांच्या उजव्या हाताला मुंग्या आल्या, बोटांतून रोलर सुटला आणि खाली आरामखुर्चीत पेंगणाऱ्या घरमालकाच्या सासऱ्यांच्या टकलावरून फिरून गेला. रंगाचा पहिला हात एकदम सारखा बसला होता, असं आभाळराव पुढे सांगत असत. त्या वेळी मात्र त्यांना हसू आलं नाही. हातात रोलर राहत नाही याचा अर्थ काय, हे रंगाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

हाडांच्या डॉक्टरीणबाई वयानं तरुण होत्या आणि त्यांना समजावून सांगायची भारी हौस. त्यांनी आभाळरावांचा एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला, सोबत आलेल्या वहिनींची मान बघून त्यांचाही काढायला लावला, आणि दोन्ही माना शेजारी शेजारी टांगल्या.

"हे मणके आणि ह्या मधल्या गाद्या. दोघांच्याही झिजल्यात. तुमची मागे वाकवून वाकवून, यांची पुढे वाकवून. आणि गंमत माहितीये का, शिक्षणाचा आणि मानेच्या झिजेचा संबंध असतो. पाहणी केली तर जास्त शिकलेल्या लोकांत हे दुखणं कमी आढळतं."

"मी बी.ए. आहे," वहिनी जमिनीकडे बघत म्हणाल्या.

"हो का? अरे वा!"

"वा काय? मग माझी का झिजली?"

"अहो, पदवी काही मानेत शिरत नाही. शिकलं की माणसाला ओझी उचलायची, वाकायची कामं कमी करावी लागतात. विडी-सिगारेट कमी, वजन ताब्यात, दुखलं तर वेळेवर डॉक्टरकडे येणं. फरक पडतो तो त्यानं. तुम्ही शिकलात खऱ्या, पण दिवसभर पडद्यात डोकं घालून बसता, चालणं शून्य. उशी किती घेता?"

"दोन."

"बघा! मग बी.ए. बिचारी कुठे कुठे पुरणार?"

आता या सगळ्या प्रवचनातलं आभाळरावांच्या कानांत किती शिरलं? पहिलंच वाक्य. शिकलेल्यांची मान झिजत नाही, एवढं त्यांनी उचललं आणि बाकीचं दवाखान्यात ठेवून ते घरी आले. जाताना डॉक्टरीणबाईंनी सिगारेट बंद केली, उशी पातळ करायला लावली, रोज चालायला सांगितलं आणि फार वेळ बसताना घालायला मानेचा पट्टा दिला. आणि छताचं काम कायमचं बंद. हे शेवटचं आभाळरावांनी ऐकलं होतं, पण ऐकलं नसल्यासारखं केलं.

ठेकेदारानं मात्र ते ऐकलं. तो माणूस तोंडानं फाटका असला तरी मनानं बरा होता.

"आभाळराव, तुम्हाला घोडीवर चढवून मला कुणाच्या सासऱ्याचा शाप नकोय," तो म्हणाला. "मुकादमाची जागा रिकामी आहे. खाली उभं राहायचं आणि पोरांकडून काम करून घ्यायचं. तुमच्याएवढं छत कुणाला कळतंय? पण एक अडचण आहे. मुकादम दहावी पास लागतो. वरच्यांचा नवा नियम. तुम्ही बसा परीक्षेला, निकालापर्यंत जागा मी धरून ठेवतो. त्याच्यापुढे माझा इलाज नाही."

घोडीवरून पडायची आभाळरावांना कधी भीती वाटली नव्हती, पण शाळेची वाटायची. लहानपणी विचार करायचा म्हटलं की त्यांची नजर आपोआप वर जायची, आणि एका मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, "छताकडे काय बघतोयस? उत्तरं तिथं लिहिलीयत का?" वर्ग हसून हसून बेजार झाला. त्यानंतर मास्तरांना ती गंमत रोज सुचायला लागली, आणि नववी संपली तसं आभाळरावांनी शाळेचं तोंड बघितलं नाही. आता या वयात पुन्हा तिथं जायचं, आणि नापास झालं तर? जागा गेली. छतही गेलं. मग दिवसभर घरी बसून बायकोची वाट बघायची. या विचारानं त्यांना रडू यायच्या बेतात होतं, हे खरं आहे, आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "मी दहावीला बसतोय."

"मुकादमाच्या जागेसाठी?" वहिनींनी विचारलं. ठेकेदाराच्या बायकोकडून त्यांना आधीच सगळं कळलं होतं.

"छे, छे! मानेसाठी. डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलं नाहीस? शिकलं की मान सुधारते. औषध म्हणून करतोय मी."

वहिनींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या होत्या. ही तर त्यांनी झोपेतसुद्धा पकडली असती. पण औषध म्हणून घेतलेल्या गोष्टीत नापास होता येत नाही, हे नवऱ्यानं कसं छान योजलंय तेही त्यांच्या लक्षात आलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?"

अशी आभाळरावांची दहावी सुरू झाली. गल्लीत कुणी विचारलं तर ते पट्ट्यावर हात ठेवून सांगायचे, "डॉक्टरांनी लिहून दिलीय." संध्याकाळच्या वर्गात मोठी माणसंच होती, हसणारं कुणी नव्हतं. पण बाकावर बसल्यावर आभाळरावांना कळलं की खरी परीक्षा वेगळीच आहे. पुस्तक खाली होतं आणि मान खाली जात नव्हती. मान खाली घातली की हाताला मुंग्या, पुस्तक वर धरलं की दंडाला कळा. आठवडाभर त्यांनी वेगवेगळे प्रकार करून पाहिले. पुस्तक कपाटावर ठेवून लांबून वाचलं, वहिनींच्या ओट्यावर टेकवून वाचलं, त्यात विज्ञानाच्या पुस्तकाला फोडणी बसली.

शेवटी एका संध्याकाळी ते वैतागून बाहेरच्या खोलीत सतरंजीवर उताणे पडले. डॉक्टरीणबाईंनी उताणं पडायला परवानगी दिली होती, पातळ उशी घेऊन. वर त्यांचंच छत होतं. स्वच्छ, पांढरं, एका कोपऱ्यात वरच्या मजल्यावरून आलेल्या ओलीचा डाग सोडला तर निर्दोष. आभाळराव त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवसापासून घराचा कारखाना झाला. वहिनी कचेरीतून आल्या की जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या बाजूला टपोऱ्या अक्षरांत धडे उतरवून द्यायच्या, आणि आभाळराव ते छताला लावायचे. घोडीवर चढायला बंदी होती, म्हणून त्यांनी लांब दांड्याच्या रोलरला कागद अडकवून खालूनच चिकटवायची युक्ती काढली. चिकटपट्टी रंगकामातली, काढताना रंग न उखडणारी. स्वतःच्या छताचा पापुद्रा निघाला असता तर त्यांना दहावी पास होऊनही सुख लागलं नसतं.

लिहिताना वहिनींची मान आणखी वाकते, हे आभाळरावांना दिसायचं नाही पण कळायचं. कारण त्या मधूनमधून "आई गं" म्हणायच्या. त्यांनी रंगकामाला उभं राहायच्या परांचीची एक जुनी फळी घेतली, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली आणि मागे पाय ठोकून तिला उतार दिला. त्या फळीवर कागद ठेवला की वहिनींना मान न वाकवता लिहिता यायचं. "हे कधी केलंत?" त्यांनी विचारलं. "उरलेली फळी होती," आभाळराव म्हणाले. त्यांना गोड बोलता यायचं नाही, आणि वहिनींना ते पाठ झालेलं होतं.

हळूहळू छत भरलं. पंख्याभोवती विज्ञान, कपाटाच्या वर इतिहास, खिडकीच्या बाजूला गणित. भूगोल ओलीच्या डागापाशी, कारण डागाचा आकार आधीच नकाशासारखा होता. प्रत्येक कागदाच्या तळाशी वहिनी एक ओळ बारीक अक्षरांत लिहायच्या. "डोळे दुखतील. आता मिटा." आभाळराव सतरंजीवर पडून, ओठ हलवत, आवाज न करता सगळं वाचायचे आणि शेवटच्या ओळीला आज्ञाधारकपणे डोळे मिटायचे. वहिनी स्वयंपाकघरातून येता-जाता त्यांचे पाय ओलांडायच्या. पण त्यांनी लिहिलेलं ते सगळं वर कसं दिसतं, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तेवढी त्यांची मान वर जातच नव्हती.

परीक्षा आली. सुरुवातीचे पेपर एका झोपाळू पर्यवेक्षकाच्या कृपेनं सुरळीत पार पडले. विज्ञानाच्या पेपरला मात्र मोठ्या हॉलमध्ये एक सडपातळ, कोरडे गृहस्थ आले. त्यांची नजर हॉलभर फिरून आभाळरावांवर येऊन टेकली.

"ही उतरती फळी कशाला?"

"मान वाकत नाही, सर."

सरांनी फळी उलटी-सुलटी केली, पोकळ आहे का म्हणून टकटक वाजवून बघितली आणि नाइलाजानं परत ठेवली.

"आणि हे गळ्यात?"

"मानेचा पट्टा."

"काढा."

पट्टा उघडताना असा चर्रर आवाज झाला की सगळा हॉल वळून बघायला लागला. सरांनी तो चाचपला, उजेडासमोर धरला, आत बोटं घालून पाहिलं. कॉपी काही सापडली नाही. बिस्किटाचा चुरा तेवढा सापडला.

आभाळरावांनी पट्टा बांधला आणि पेपर उघडला. दुसराच प्रश्न वनस्पतींच्या अन्नाचा होता. हा धडा त्यांना अगदी पाठ होता. पंख्याच्या डावीकडचा कागद, पट्टी थोडी तिरकी लागलेला. तो आठवायला त्यांनी सवयीनं डोकं मागे टाकलं आणि वर बघितलं.

"वर काय बघताय?" सर पुन्हा हजर.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, विचार करतोय. पण छत रंगवणाऱ्या माणसाला छताबद्दल विचारल्यावर त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार? आभाळरावांचा चेहरा उजळला.

"चांगलं झालंय ना? माझंच काम आहे हे. तीन हात दिलेत."

सरांना क्षणभर कळेना. मग कळलं, आणि जरुरीपेक्षा जास्त कळलं.

"म्हणजे या परीक्षेच्या हॉलचं छत तुम्ही रंगवलंत?"

"एकट्यानं," आभाळराव अजूनही खुशीत होते.

"आणि आता त्याच्याकडे बघून पेपर लिहिताय! काय काय लिहून ठेवलंय तिथं?"

सरांनी उत्तरपत्रिका ओढून घेतली. आभाळरावांना सगळं एकदम समजलं. त्याच जुन्या प्रश्नानं त्यांना इतक्या वर्षांनी पुन्हा गाठलं होतं. फरक एवढाच की मास्तरांनी गंमत केली होती आणि हे सर अगदी गंभीर होते. पेपर गेला. मुकादमाची जागा गेली. घरी जाऊन सांगायचं काय, हे त्यांना सुचेना.

केंद्रप्रमुख बाईंना बोलावणं गेलं. त्या वयस्कर, शांत होत्या, चष्मा डोळ्यांवर ठेवायचा सोडून केसांत खोचलेला. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा खाली घेऊन छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला तर कोरंच दिसतंय."

"पांढऱ्यावर पांढऱ्यानं लिहिलं असेल, बाई," सर म्हणाले. "जवळून बघायला हवं."

घोडी आणली गेली. सर वर चढायला लागले आणि दुसऱ्याच पायरीवर लटपटले.

"पाय मधोमध ठेवा, सर," आभाळरावांना राहवेना. "आणि खाली बघू नका. चक्कर येते."

हॉलमधली सगळी परीक्षार्थी मंडळी पेन खाली ठेवून वर बघत होती. "सगळ्यांनी आपापल्या पेपरात बघा!" बाई ओरडल्या, आणि पुन्हा स्वतःच वर बघायला लागल्या.

घोडी पुढे पुढे सरकवून घेत सर छतावरून बोट फिरवत फिरवत मध्यापर्यंत गेले आणि एकदम किंचाळले, "सापडलं! इथं काहीतरी आहे!"

"काय आहे?"

"काळं. बारीक. आडवं."

आभाळरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ते काय होतं, हे त्यांना खालूनच कळलं. कॉपीचा आळ आला तेव्हा ते नुसते घाबरले होते. आता त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"ब्रशचा केस आहे तो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ओल्या रंगात चिकटून राहिलेला. काढायचा राहून गेला असेल. नखानं अलगद उचला, सर, ओढू नका. पापुद्रा निघेल."

खरोखरच केस निघाला. बाईंनी तो हातात घेऊन पाहिला आणि त्या आभाळरावांकडे वळल्या.

"मग तुम्ही वर बघत होता कशासाठी?"

आभाळरावांनी सगळं सांगितलं. खाली न वाकणारी मान, सतरंजी, कॅलेंडरची पानं, रोलरचा दांडा. "माझं डोकं तसंच चालतं, बाई. वर बघितल्याशिवाय आठवत नाही. लहानपणापासून."

"बरं. मग तुमच्या पेपरातलं मी विचारणार नाही. पचनाचं सांगा. अन्नाचं पुढे काय होतं?"

आभाळरावांनी डोकं मागे टाकलं. वर हॉलचा पंखा होता, पण त्यांना घरचा दिसत होता. "पंख्याच्या उजवीकडे," ते पुटपुटले आणि सुरू झाले. लाळेपासून आतड्यापर्यंत एक शब्द इकडचा तिकडे न होता सगळा धडा बाहेर आला आणि त्याच सुरात, न थांबता, शेवटची ओळही आली, "डोळे दुखतील. आता मिटा." आणि त्यांनी डोळे मिटले.

"ही शेवटची ओळ कुठल्या पुस्तकातली?" बाईंनी विचारलं.

आभाळरावांनी डोळे उघडले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. "ती... ती आमच्या घरच्यांची आहे. त्याच लिहून देतात."

मग जे हसू फुटलं ते सबंध हॉलभर पसरलं. आभाळरावांनी खांदे आक्रसून घेतले, शाळेत घ्यायचे तसेच. पण बाई हसता हसता चष्मा पुसत होत्या, शेजारच्या बाकावरची बाई "आमच्या घरच्यांना सांगा जरा असं लिहायला" म्हणाली, आणि आभाळरावांना हळूहळू जाणवलं की या हसण्यात आपल्यालाही बसायला जागा आहे. मग तेही हसले.

"एक शेवटचं," बाई म्हणाल्या. "मानेत मणके किती?"

या वेळी त्यांनी वर बघितलं नाही. मानेवर मागे हात ठेवला. "सात. त्यातला पाचवा आणि सहावा कामातून गेलेत."

बाईंनी उत्तरपत्रिका परत दिली. वर बघायला बंदी करणारा नियम आपल्या तरी वाचनात नाही, असं त्यांनी सांगितलं आणि वाया गेलेला वेळ वाढवून दिला. सर अजून घोडीवरच होते. चढले खरे, पण उतरायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं. "तोंड शिडीकडे करून उतरा, सर," आभाळराव म्हणाले आणि पेपर लिहायला लागले.

निकाल लागला. गणितात काठावर, भूगोलात बरे, विज्ञानात इतके की वहिनींनी ते शेजारणीला दोनदा सांगितले. ठेकेदारानं शब्द पाळला. आभाळराव मुकादम झाले. आता ते खाली उभे राहून पोरांवर ओरडायचे, "दर थोड्या वेळानं खाली उतरा रे! मान काय दुकानात मिळते?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं तेव्हा हाताच्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या होत्या. वहिनींनाही फरक होता. कचेरीतला पडदा उंच ठेवायचा म्हणून त्यांनी साहेबांशी भांडण केलं होतं आणि संध्याकाळी दोघं मिळून चालायला जायचे.

"दहावीचा गुण आला," आभाळराव म्हणाले. "आता अकरावी सुरू करू का?"

"छत सुटलं, सिगारेट सुटली, त्याचा गुण आहे तो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी हात टेकले. "करा सुरू. पण चालणं सोडू नका."

त्या रविवारी दुपारी आभाळराव लांब दांडा घेऊन बाहेरच्या खोलीत आले. कागद काढायचे होते. पट्टी फार दिवस राहिली तर डाग पडतो.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "मी बघितलंच नाहीये अजून."

त्यांनी मान वर करून बघायचा प्रयत्न केला, "आई गं" म्हणाल्या, आणि मग सरळ सतरंजीवर जाऊन उताण्या पडल्या. आभाळराव जरा घुटमळले. मग दांडा भिंतीला टेकवून, गुडघे वाजवत, त्यांच्या शेजारी आडवे झाले. पातळ उशी एकच होती, ती दोघांनी वाटून घेतली. कित्येक दिवसांनी त्यांच्या माना एका पातळीवर आल्या होत्या.

वर छतभर वहिनींचंच अक्षर होतं. पंख्याभोवती, कपाटावर, खिडकीपर्यंत, इंच इंच जागा भरलेली. एकेक कागद फळीवर लिहिताना त्यांना कधी वाटलं नव्हतं की आपण इतकं लिहिलंय.

"चष्मा आत राहिला," त्या म्हणाल्या. "मला काही दिसत नाहीये. काय लिहिलंय ते वाचा बघू."

चष्मा त्यांच्या छातीवरच होता. मान वळत नसल्यामुळे तो आभाळरावांना दिसला नाही.

डोळे दुखतात, हे शब्द आभाळरावांच्या ओठांपर्यंत आले. मग त्यांनी घसा खाकरला आणि दारालगतच्या कागदापासून वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. आवाज सुरुवातीला घोगरा निघाला, मग मोकळा झाला. इतिहासाच्या तिसऱ्या कागदावर एक लांबलचक शब्द आला, तिथं ते अडखळले. मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा अडखळले, आणि तिसऱ्या प्रयत्नात त्याचा चेंदामेंदा करून पुढे निघाले.

जन्मभर चुका शोधणाऱ्या वहिनी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त चाचपून नवऱ्याचा हात धरला. त्या हाताला आता मुंग्या नव्हत्या.

आभाळराव वाचत राहिले. इतिहास संपला, भूगोल संपला, पंखा निम्मा झाला. प्रत्येक कागदाच्या शेवटी ते "डोळे दुखतील, आता मिटा" हेही वाचायचे, कारण लिहिलेलं सोडायचं नाही असं त्यांना संध्याकाळच्या वर्गात शिकवलं होतं. असं किती वेळा झालं कोण जाणे, पण शेजारून बारीक घोरण्याचा आवाज यायला लागला. मान वळवून बघणं काही त्यांना जमलं नाही. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, आवाज जरा खाली आणला आणि खिडकीजवळचं गणित वाचायला घेतलं.